दाजींचा मोनोक्रोम, माझा रिको आणि गंगावेशीतली म्हैस

गेला पावसाळा सरता सरता दाजींनी त्यांचा लायका क्यू-२ मोनोक्रोम, म्हणजे फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणारा कॅमेरा, माझ्या हवाली केला. ते वर्षातले बरेच महिने परदेशी असतात. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, म्हणून "वापरत राहा, पण जपून" एवढीच अट. माझ्याकडे आधीपासून रिको जीआर-३ आहे. दोन्हींची नजर २८ मिमीची, म्हणजे सारखीच रुंद, दोन्हींची लेन्स न बदलता येणारी, त्यामुळे तुलनेला याहून सरळ जोडी मिळणं कठीण. रिको २०१९ मध्ये ८९९ डॉलरला बाजारात आला, लायका २०२० मध्ये सुमारे ६००० डॉलरला. रस्त्यावरचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो महागड्या कॅमेऱ्याने खरंच चांगले येतात का, यावर आमच्या चहाच्या टपरीवर कायम वाद चालतो. आता निदान मला दोन्ही वापरून बोलता येतं.

तांत्रिक भाग थोडक्यात उरकतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरची जाळी असते. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि बाकीचे दोन शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. मोनोक्रोमला ही जाळीच नाही. त्यामुळे साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाचतो आणि बारीक तपशील नेमका उतरतो. शिवाय लायकाची लेन्स एफ/१.७, रिकोची एफ/२.८; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. लायकाच्या मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरचा फायदा बाजूला ठेवला, तरी दोन्ही मिळून पाचपटीच्या आसपास फरक पडतो.

हा पाचपट फरक महाद्वार रोडला भर दुपारी मात्र शोधून सापडत नाही. कोल्हापूरच्या उन्हात दोन्ही कॅमेरे एफ/८ वर आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) दोनशे-चारशेवर निवांत चालतात. बारा बाय अठरा इंचांचे प्रिंट काढून आणले. कुठला कशाने काढलाय हे सांगायला मला फाईलचं नाव बघावं लागलं. आता कोणी म्हणेल, ४७ मेगापिक्सेल आणि २४ मेगापिक्सेल यांत फरक नाही? आहे की. भिंतीएवढा प्रिंट काढा आणि नाक लावून बघा.

खरी परीक्षा झाली ती गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. दिवेलागणीला म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळलेला पेला हातात येतो. काळीकुळकुळीत म्हैस, पांढराशुभ्र फेस आणि वर एखादा दिवा, एवढाच मामला. फोनने काढलं की म्हैस राखाडी होते. फोन आपल्या हुशारीने पाच-सहा फ्रेम एकावर एक रचतो, सावल्या उचलतो, सगळं एकसारखं उजळ करून ठेवतो. लोक फोनच्या इवल्याशा सेन्सरला नावं ठेवतात, माझ्या मते दोष त्या हुशारीचा आहे. म्हैस काळीच राहिली नाही तर ब्लॅक अँड व्हाइट काढायचंच कशाला?

रिकोत म्हैस काळी राहते, पण पोटाखालचा भाग डांबर ओतल्यासारखा सपाट होतो आणि तो उजळायला गेलं की नॉइज, म्हणजे ठिपक्यांची खरखर, उठते. लायकाच्या फाईलमध्ये मात्र कातडीवरचे विरळ केस दिसले, शिंगाच्या बुंध्याशी असलेली वळी दिसली, धार काढणाऱ्याच्या मनगटावरची शीर दिसली. इथे पैसा बोलतो, हे कबूल करायलाच हवं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. फेस एकदा जळला की गेला. रंगीत फाईलमध्ये तीन चॅनलपैकी एखादा शाबूत राहिला तर त्यावरून थोडंफार परत आणता येतं. मोनोक्रोममध्ये चॅनलच एक. म्हणून मी मुद्दाम एक ते दीड स्टॉप कमी एक्सपोज करतो आणि काळोख नंतर उचलतो. या खटाटोपात मी गुंतलो असताना दूधवाले म्हणाले, "फोटू काय पळून जातोय व्हय? आधी दूध पी, गार हुतंय." बरोबर होतं त्यांचं. धारोष्ण दूध गार करून पिण्यात काय अर्थ?

तालमीत मात्र निकाल उलटा लागला, निदान माझ्या लेखी. वस्तादांना विचारून पेठेतल्या एका तालमीत पहाटे दोन्ही कॅमेरे नेले. ट्यूबलाइटच्या उजेडात पैलवान हलतात, म्हणून शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नेता येत नाही. रिको आयएसओ ६४०० वर गेला, लायका बाराशेच्या आसपास राहिला. लायकाचे फोटो स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. रिकोच्या फोटोंत दाणा आला आणि अंगाला लागलेली लाल माती त्या दाण्यामुळे माती वाटली. डार्करूममध्ये हयात घालवलेल्या ओळखीच्या काकांना प्रिंट दाखवले, कॅमेरा सांगितला नाही. त्यांनी रिकोचे उचलले आणि म्हणाले, "ह्यात जीव हाय." कोडॅकच्या ट्राय-एक्स या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा ३५ मिमी रोल १९५४ पासून बाजारात आहे, त्यांची नजर त्याच दाण्यावर तयार झालेली. त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती नाही. माझंही नाही.

आता जोतिबा. चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीवर गुलालाचा नुसता पाऊस पडतो. दाजींचा कॅमेरा मी नेलाच नाही. सहा हजार डॉलर गुलालात बुडवून बहिणीला तोंड कसं दाखवायचं? म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा देखावा समोर असताना तो कॅमेरा घरी कपाटात. विकत घेतलेला असता तरी मी नेला असता असं वाटत नाही, आणि परीक्षणांच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच नसते. रिको प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेला. लेन्स आतबाहेर करणाऱ्या कुठल्याही कॅमेऱ्याला अशा भुकटीत झाकावंच लागतं. घरी आल्यावर खरी गंमत. रंगीत रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली) फाईल ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल आणि मॅजेंटाचे स्लायडर खाली ओढले की गुलालाने माखलेले चेहरे काळवंडतात, सासनकाठ्या ढगात घुसल्यासारख्या दिसतात. तेच वर नेले की गुलाल पिठासारखा पांढरा. मोनोक्रोमवर हा निर्णय फोटो काढण्याआधीच लेन्सवर लाल किंवा हिरवा फिल्टर चढवून घ्यावा लागला असता. काहींना ही शिस्त आवडते. मला घरी बसून ठरवायला आवडतं.

रस्त्यावर वावरताना वजनाचाही फरक पडतो. लायका बॅटरीसकट सातशे ग्रॅमच्या वर, रिको २५७ ग्रॅम, शर्टाच्या खिशात जाणारा. लायकाच्या या मॉडेलवर कंपनीचा ओळखीचा लाल ठिपका नाही, पण गळ्यात काहीतरी भारी लटकतंय हे लोकांना कळतंच. गुजरीत दुकानदार हटकतात, पापाच्या तिकटीला पोरं पोझ देतात आणि "कुठल्या पेपरात येणार?" हे ठरलेलं. रिकोकडे कोणी बघत नाही. त्याचा स्नॅप फोकस (आधीच ठरवून ठेवलेलं अंतर) दोन मीटरवर आणि एफ/८ वर लावून ठेवला की एक मीटरपासून रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं, फोकसची वाटच बघावी लागत नाही. बॅटरी मात्र कंपनीच्याच आकड्याप्रमाणे सुमारे दोनशे फोटोंची. जोडीला दुसरी ठेवावीच लागते.

टपरीवर हे सगळं मांडलं तेव्हा एकाने खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाचा दाखला दिला. बाबूराव पेंटरांनी इथेच मूव्ही कॅमेरा तयार केला, तुम्हाला कशाला हवाय जर्मन? दाखला ऐकायला छान आहे. पण पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत होते आणि उजेड कुठून येतो हे त्यांना कॅमेरा हातात येण्याआधीच ठाऊक होतं, तो भाग टपरीवर कोणी काढत नाही.

मग घ्यायचा का? रात्रीचे, तालमीतले, गोठ्यातले फोटो हाच ज्याचा विषय आहे आणि जो मोठे प्रिंट काढतो, त्याने मोनोक्रोम जरूर बघावा. बाकीच्यांनी जुना एपीएस-सी, म्हणजे रिकोएवढ्या सेन्सरचा, कॅमेरा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत प्रिंट काढावेत. तेवढंही जमत नसेल तर फोनमधला एचडीआर, म्हणजे ती फ्रेम रचायची हुशारी, बंद करा, साधा रॉ घ्या, एक्सपोजर एक स्टॉप खाली ओढा आणि गंगावेशीत जाऊन एक म्हैस काढून बघा.