देवळाची दप्तरं टिपायला ओव्हरहेड स्कॅनर घ्यावा की कॅमेरा-स्टँड?

गेल्या हिवाळ्यात गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या दोन-तीन देवस्थान समित्यांकडून मला एकच विचारणा आली. पैसे मंजूर झालेत, जुन्या दप्तरांचा पेटारा उघडायचा ठरावही झालाय, आता यंत्र कुठलं घ्यायचं? दुकानदार लांब मानेचा ओव्हरहेड स्कॅनर दाखवतो. वही खाली ठेवायची, पायाने बटण दाबायचं आणि पानाचा बाक सॉफ्टवेअरने सरळ करायचा. फोटोग्राफीतलं कळणारा कोणी समितीत असला तर तो म्हणतो, कॅमेरा, उभा स्टँड आणि दोन दिवे घ्या. मी तीन उन्हाळे हे काम केलं, पहिला स्कॅनरवर आणि पुढचे दोन कॅमेऱ्यावर. फ्लॅटबेडचा विचार इथे करतच नाही. बांधीव वही पालथी करून काचेवर दाबली की तिचा कणा मोडतो, मग प्रतिमा कितीही चांगली येवो.

पणजीच्या पुराभिलेखागाराची गोष्ट निराळी. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतुच्या हाताने १५९५ साली सुरू झालेली ती संस्था आहे, तिथे शिकलेली माणसं आहेत आणि शिस्त आहे. माझा अनुभव गावातल्या पेटाऱ्यांपुरता आहे: जमाखर्चाच्या वह्या, महाजनांच्या (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या) याद्या, मोडीतल्या पावत्या, जमिनीचे कागद. हे सगळं जिथे आहे तिथेच राहणार, कारण समित्या ते घराबाहेर देत नाहीत आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

या कागदांचं एक वैशिष्ट्य यंत्र निवडताना फार कामाला येतं, म्हणून ते आधी सांगतो. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांच्या कारभाराला नियम लावले. १९३३चं देवस्थान रेग्युलेशन तर आजही लागू आहे. त्यामुळे आपल्या देवळांचे हिशेब सरकारी नजरेखालून गेलेले आहेत. मधल्या मजकुरात कारकुनाचं मराठी, बरेचदा मोडीत, आणि कडेला पोर्तुगीजमध्ये तपासणीचा ‘विश्तु’ (‘पाहिलं’ असा शेरा), तारीख, सही. म्हणजे एका पानावर दोन हात आणि दोन शाया. मोडीची शाई काजळाची, ती शंभर वर्षांनीही काळीभोर राहते, फक्त पाण्याच्या थेंबाने फिसकटते. पोर्तुगीज शेऱ्याची शाई बहुधा मायफळ आणि हिराकशीची. ती लिहिल्यावर काळी होते, पण काळाच्या ओघात तपकिरी होत जाते आणि तिच्यातलं आम्ल हळूहळू कागद खातं.

आता स्कॅनर. त्याचा वेग मान्य करायलाच हवा. दुपारच्या एका बैठकीत आम्ही तीनशेच्या आसपास पानं उरकायचो. देवळात येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटांत शिकवता आलं. समोरासमोरची दोन पानं एकदम येतात, सॉफ्टवेअर ती वेगळी करतं, क्रमांक घालतं, पीडीएफ बनवतं. समितीच्या पुढच्या बैठकीत लॅपटॉपवर अख्खी वही दाखवली, तेव्हा सगळे खूश झाले. मीही झालो.

मग एके दिवशी समितीतल्या वयाने सर्वांत मोठ्या महाजनांनी एक पान मागितलं. त्यांच्या कुळाच्या मानाचा काही प्रश्न होता. स्क्रीनवर पान पाहून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “बाबा, ह्या पानाच्या खाली विश्तु होता. माझ्या आजोबांनी मला बोट ठेवून दाखवलेला.” मला वाटलं, त्यांना दुसरं पान आठवत असेल. तरी पेटारा उघडला. वहीत खाली डाव्या कोपऱ्यात, तांबूस तपकिरी अक्षरांत, तारीख आणि सहीसकट विश्तु होता. आमच्या प्रतिमेत तिथे स्वच्छ, कोरा, पिवळसर कागद होता.

काय झालं ते उमगायला मला दोन रात्री लागल्या. या स्कॅनरसमोर वही दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी खालच्या कोपऱ्यांत धरून ठेवतात. ते अंगठे प्रतिमेतून पुसायची सोय सॉफ्टवेअरात असते. कडेजवळ कातडीच्या रंगाचा डाग दिसला की तो पुसायचा आणि आजूबाजूच्या कागदाचा रंग तिथे पसरायचा. जुन्या हिराकशी शाईचा रंग कातडीला जवळचा असतो. शेरा नेमका अंगठ्याच्या जागी होता, शाई पसरून त्याचा डाग झालेला, आणि यंत्राने त्याला बोट समजून पुसून टाकलं. काजळाच्या शाईतली मोडी शाबूत राहिली आणि सरकारी तपासणीचा पुरावा तेवढा गेला. प्रतिमेत खाडाखोडीची खूण नव्हती, त्यामुळे शंका यायलाही जागा नव्हती. त्या महाजनांच्या आठवणीत ते पान नसतं, तर आम्ही ती वही ‘पूर्ण’ म्हणून नोंदवून पेटाऱ्यात कायमची बांधून ठेवली असती.

मग सगळ्या फाइली मूळ वह्यांशी ताडायला बसलो. कडेची टिपणं आणखी काही ठिकाणी कापलेली निघाली. तिथे कारण निराळं होतं: पानाची कड कुठे संपते हे यंत्र स्वतः ठरवतं, आणि वाळवीने खाल्लेल्या वेड्यावाकड्या कडेला ते आतून सरळ रेष मारतं. कण्याजवळचा बाक सपाट करताना मोडीची अक्षरंही ओढली गेली होती. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवतो. ती रेषा हाताने मारलेली, जरा तिरपी, जरा थरथरती असते, आणि सॉफ्टवेअर तिला रुळासारखी सरळ करू बघतं. मोडी वाचणाऱ्याला अक्षराची लपेट महत्त्वाची असते, आणि नेमकी तीच बिघडते.

हे पर्याय बंद करता येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मीही ते बंद केले. पण नवी वही सुरू केली की आमच्या यंत्रावर ते पुन्हा चालू व्हायचे, आणि बटण दाबणारा मुलगा दर शनिवारी वेगळा असायचा. तुम्ही बघताय त्या यंत्रात काहीही न सुधारलेली मूळ प्रतिमा वेगळी साठवायची सोय असेल, तर माझा आक्षेप निम्मा उरेल. विकत घेण्याआधी हे मात्र स्वतः पडताळून बघा, दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका.

कॅमेऱ्याबद्दलची माझी ओढ इथून सुरू झाली. कॅमेरा पान काय आणि पान नव्हे काय हे ठरवत नाही. चौकटीत जे आहे ते सगळं येतं: कड, कडेपलीकडचा काळा पुठ्ठा, मोजपट्टी, रंगपट्टी, वाळवीची भोकं. कातरायचं ते नंतर माणसाने कातरायचं, तेही प्रतीवर. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली काहीही न सुधारलेली मूळ फाइल, जशी आली तशी राहते.

दुसरं कारण वहीच्या कण्याचं. ओव्हरहेड स्कॅनरला वही पूर्ण उताणी लागते. शंभर वर्षांची जाड हिशेबवही तशी उघडली की शिवण तुटते, नाहीतर पानं निसटतात. स्टँडखाली आम्ही दोन थर्मोकोलच्या उतरत्या पाचरी ठेवतो, वर धुतलेलं मलमल, आणि वही साधारण शंभर-एकशेदहा अंशांत उघडतो. जे पान टिपायचं त्याची पाचर आडवी करायची, दुसरी बाजू वर तिरकी टेकलेली. (तांदळाच्या उशा करू नका, किडे येतात.) एका शॉटमध्ये एकच पान घ्यायचं. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फुलस्केपचं एक पान भोवती थोडी जागा सोडूनही इंचाला चारशे पिक्सेलच्या आसपास बसतं. दोन पानं एकदम घ्यायला गेलात तर हा आकडा तीनशेच्या खाली उतरतो, आणि बारीक मोडीला तो अपुरा वाटतो.

तिसरी गोष्ट दिव्यांची. नेहमी दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे ठेवतो. पण पापेल सेलादवरचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या मुद्रांक कागदावरचा, बिनशाईचा उठावदार शिक्का समोरच्या प्रकाशात दिसतच नाही. एक दिवा बंद करायचा, दुसरा पानाच्या पातळीपर्यंत खाली आणायचा, की कागदाच्या चढउतारात शिक्का उभा राहतो. आमच्याकडच्या काही कागदांवर तो शिक्का असल्याचं आम्हाला असं कळलं. स्कॅनरचा दिवा त्याच्या मानेतच असतो, तो कुठे हलवणार?

पान सपाट ठेवायला काच वापरा, ॲक्रिलिक टाळा. ॲक्रिलिक हलकं म्हणून आम्ही आधी तेच आणलं, पण पुसलं की त्यात स्थिर वीज येते आणि ठिसूळ पानाच्या कपच्या त्याला चिकटून वर येतात. एका पानाचा नखाएवढा तुकडा असा उडाला. तो सापडला आणि पाकिटात घालून वहीसोबत ठेवला आहे, तरी आजही आठवला की जीव कसनुसा होतो. ज्या पानाची शाई कागद खाऊन आरपार गेली आहे त्याच्यावर काचही नको.

कॅमेऱ्याचे त्रास कमी नाहीत. आपल्याकडचा पावसाळा हा पहिला. जून ते सप्टेंबर लेन्स नुसती बॅगेत राहिली तर तिच्यात बुरशी धरते, माझी एक गेली. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, आणि पावसात वह्याही उघडत नाही. दुसरं, वेग. बैठकीत शंभर, फार तर सव्वाशे पानं. आधी सगळी उजवी पानं, मग वही फिरवून सगळी डावी, आणि नंतर संगणकावर ती एकाआड एक लावायची. मध्ये एक पान सुटलं की पुढचा सगळा क्रम घसरतो. म्हणून आम्ही प्रत्येक चौकटीत क्रमांकाची चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठी बदलायला एक माणूस वेगळा लागतोच, म्हणजे एकट्याने करायचं हे काम नव्हे. तिसरं, कॅमेरा पानाला समांतर हवा. त्याची एक सोपी युक्ती आहे: पायथ्याशी छोटा आरसा सपाट ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर येईपर्यंत स्टँडचं डोकं हलवत राहायचं. प्रत्येक बैठकीच्या आधी दोन मिनिटं, पण ती चुकवून चालत नाहीत.

जागाही लागते. चोवीस मेगापिक्सेलचं एक पान टिफ केलं की सुमारे ७२ एमबी होतं, हजार पानांना ७२ जीबी. दोन हार्ड डिस्क वेगवेगळ्या घरांत ठेवायच्या, हा खर्च समितीला आधीच सांगून ठेवा. स्कॅनरच्या जेपेग यापेक्षा कितीतरी लहान असतात, म्हणून त्या लोकांना सोयीच्या वाटतात.

तुमच्या पेटाऱ्यात छापील मालच जास्त असेल, म्हणजे जुनी बोलेतीं ऑफिसियाल (पोर्तुगीज सरकारी राजपत्रं), पावतीपुस्तकं, उत्सवाच्या पत्रिका, तर मी स्कॅनरला नको म्हणणार नाही. छापील अक्षर सॉफ्टवेअरला वाचता येतं, कडेला हाताने लिहिलेलं फारसं नसतं, आणि वेग खरोखर उपयोगी पडतो. आमचा स्कॅनर आजही याच कामाला आहे. पण हस्तलिखित वह्या, त्यातही ज्यांच्यावरून महाजनपणाचा किंवा मानाचा वाद उद्या कोर्टात जाऊ शकतो, त्यांच्यासाठी मला कॅमेऱ्याशिवाय धीर होत नाही. पहिल्या उन्हाळ्यातल्या सगळ्या वह्या आम्ही पुन्हा टिपल्या. दोन उन्हाळे त्यातच गेले.

समितीत एकमत होत नसेल तर दोन्ही यंत्रं एका दिवसासाठी मागून आणा. दुकानदार स्कॅनर दाखवायला घेऊन येतो, कॅमेरा कुणाच्या तरी घरी असतोच. पेटाऱ्यातलं सर्वांत वाईट पान निवडा: वाळवीने खाल्लेलं, कडेला तपकिरी शेरा असलेलं. दोन्हींवर ते टिपा. मग मूळ पान शेजारी ठेवा, हातात भिंग घ्या आणि ताडून बघा. डावीकडचा खालचा कोपरा आधी.