जाळीच्या पाठीची सॅक की पाठीला बिलगणारी?

दोन-तीन मुक्कामांच्या ट्रेकसाठी हलकी आणि टिकाऊ सॅक घ्यायची म्हटलं की बरीच पाहणी करून शेवटी दोनच जाती समोर उरतात. पहिलीत पाठ आणि सॅक यांच्यामध्ये ताणलेली जाळी असते, मागे वाकवलेली चौकट, वर टोपण आणि खाली स्लीपिंग बॅगचा वेगळा कप्पा. रिकामी दोन किलोच्या आसपास भरते. दुसरीला चौकट जवळजवळ नसतेच. पाठीला फोमचं पातळ पान, फार तर ॲल्युमिनियमची एखादी पट्टी, आणि तोंड गुंडाळून बंद करायचं. ही किलोभराची. दोन्ही माझ्या घरात आहेत आणि दोन्ही सह्याद्रीत वापरून झाल्यात. लिटर किती घ्यावेत, पाठीची लांबी कशी मोजावी, कंबरपट्टा कुठे बसवावा हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी वजनाचं बोलू. आपल्याकडे ते किलोपेक्षा पाण्यात मोजलेलं बरं. दोन सॅकमधला फरक साधारण किलोभराचा, म्हणजे एक लिटर पाण्याचा. हिमालयात ओढे आडवे येत राहतात, तिथे माणूस लिटर-दोन लिटरवर दिवस काढतो. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत आणि पुढे पाचनईवरून हरिश्चंद्रगड गाठायचा असेल, आणि तोही फेब्रुवारी उलटल्यावर, तर तीन लिटरखाली निघवत नाही. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यात पाणी असेल या भरवशावर कोण जाणार? तेव्हा सॅकच्या चौकटीसाठी उचललेला एक किलो आणि पाण्यासाठी उचललेला एक किलो यात मला तरी दुसरा पटतो. हे गणित अर्थात सगळ्यांचं असंच सुटेल असं नाही.

घामाच्या बाबतीत जाळीची सॅक सरळ जिंकते, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. कोकणातून घाट चढताना, सकाळी नऊ वाजता ऊन पाठीवर आलेलं असताना, जाळीच्या मागून वारा खेळतो हे सुख खरं आहे. पाठीला बिलगणाऱ्या सॅकमध्ये शर्ट पिळून काढावा इतका भिजतो आणि संध्याकाळी त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. ज्यांच्या पाठीला घामोळं येतं त्यांनी पुढचं वाचायच्या आधीच जाळीची सॅक घेतली तरी मी काही म्हणणार नाही.

आता टिकाऊपणा. दुकानदार डेनियरचा आकडा दाखवतो. तो नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन असतो. त्यावरून धाग्याच्या जाडीचा अंदाज येतो, कापडाच्या ताकदीची हमी मिळत नाही. २१० डेनियरचं चांगलं विणलेलं नायलॉन बाजारातल्या भल्याभल्या ४२० डेनियरच्या कापडापेक्षा जास्त टिकलेलं मी पाहिलंय. डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या, पातळ पत्र्यासारख्या कापडाची कीर्ती मोठी आहे. ते फाटायला खरंच तयार नसतं, पण घासण्यापुढे मात्र तितकंसं टिकत नाही. सह्याद्रीत सॅक फाटत नाही, घासते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, बूड टेकून उतरताना, कातळावर ओढून वर घेताना, गुहेतल्या खरबरीत जमिनीवर सरकवताना. त्यात कसाऱ्याहून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीला जाणाऱ्या जीपच्या टपावर दोरीने आवळलेला तासाभराचा प्रवास! तो एखाद्या मुक्कामापेक्षा जास्त कापड खातो. त्यामुळे दोन्हीपैकी कुठलीही घ्या, तळाचं कापड बाजूच्या कापडापेक्षा जाड आहे का आणि तळाच्या शिवणीवर पट्टी मारलेली आहे का, एवढं बघा. बाकी आकडे शोभेचे आहेत असं माझं मत झालंय.

बाहेरच्या लवचीक जाळीच्या कप्प्याबद्दल मात्र हलक्या सॅकवाल्यांना बोललंच पाहिजे. कारवीच्या रानातून एकदा वाट काढली की त्या कप्प्याची वीण उसवते आणि घाणेरीचे काटे उरलेलं काम करतात. हलकी सॅक घ्यायची तर तो कप्पा जाळीचा नको, कापडाचा हवा. असे नमुने मिळतात, शोधावे लागतात एवढंच.

सॅक खरी कुठे मरते? घरी. पावसाळ्यात माळ्यावर. कापडाला आतून पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमट आणि उबदार हवेत तो हळूहळू तुटत जातो. आधी चिकट होतो, मग कुबट वास येतो, शेवटी पापुद्रे निघून कपड्यांना चिकटतात. मुंबई-ठाण्याच्या हवेत हे पुण्यापेक्षा लवकर होतं. सिलिकॉनचा थर असलेल्या कापडाला हा रोग लागत नाही. हा थर हलक्या सॅकमध्ये जास्त दिसतो. जाळीच्या सॅकला कप्पे, पट्टे, फोमच्या गाद्या इतक्या असतात की ती ट्रेकनंतर नीट वाळायलाच दोन दिवस लागतात, आणि चाकरमान्या माणसाकडे सोमवारी दोन दिवस कुठले? इथे हलकी सॅक पुढे आहे, पण हातभर नाही. कुठलीही असो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, खुंटीला टांगा.

चेनचं एका वाक्यात सांगायचं तर लाल माती आणि वाळू चेनीत गेली की ती दात सोडते, आणि गुंडाळायच्या तोंडाला चेनच नसते.

पावसाचंही लवकर आटोपतो. रेनकव्हर हा मला दोन्हीकडे न पटलेला प्रकार. जुलैच्या वाऱ्यात धारेवर ते फुगून निघू पाहतं, आणि पाठीवरून ओघळलेलं पाणी शेवटी त्याच्याच तळाशी साठतं. आत खताच्या गोणीतली जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला, तिच्यात सामान भरा, वरचं तोंड पिळून दुमडा. स्वस्त आहे आणि काम करते. ही पिशवी एकाच मोठ्या कप्प्याच्या सॅकमध्ये छान बसते. खाली वेगळा कप्पा असलेल्या सॅकमध्ये दोन पिशव्या कराव्या लागतात.

इथपर्यंत पारडं कुठेही झुकलेलं नाही, हे मलाही कळतंय. माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती कुठल्याही जाहिरातीत नसते. ती आहे ढुशी.

जाळीच्या सॅकची चौकट पाठीपासून तीन-चार बोटं दूर असते. तिच्या मागे सामान, त्याच्या मागे स्लीपिंग बॅगचा फुगलेला कप्पा, तोही कमरेच्या खाली लोंबणारा. म्हणजे सॅक उंचीपेक्षा मागच्या बाजूला जास्त वाढते. सपाट वाटेवर काही जाणवत नाही. चढावर जरा मागे ओढल्यासारखं वाटतं, पुढे वाकलं की झालं. पण उतरायला लागलात की गंमत सुरू होते. रतनगडाला रतनवाडीच्या बाजूने शिड्यांनी चढून त्र्यंबक दरवाज्याने साम्रदकडे उतरून बघा. तिथल्या कातळात खोदलेल्या पायऱ्या गुडघाभर उंचीच्या. तुम्ही एक पाय खाली टाकता, शरीर खाली जातं, आणि नेमक्या त्या क्षणी सॅकचं बूड मागच्या पायरीला टेकतं आणि तुम्हाला पुढे ढकलतं. जोर फारसा नसतो. पण पुढे दरी असताना मागून आलेली हलकीशी ढुशीही पुरते. मग माणूस प्रत्येक पायरीला तिरका होतो, एका हाताने कातळ धरतो, दुसऱ्या हाताने सॅक उचलतो, आणि पाच मिनिटांच्या उतरणीला पंधरा मिनिटं लागतात. मागचे लोक खोळंबतात. नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद तीव्र घळीतून, उतरताना, मोठ्या धोंड्यांवरून बसत-सरकत येताना, भीमाशंकरच्या शिडी घाटासारख्या जागी, सगळीकडे हीच कथा. संध्याकाळी मांड्या भरून येतात ते अंतरामुळे नव्हे, या सततच्या सावरण्यामुळे.

बूड वर घेतलं की जाईल, असं एक अनुभवी मित्र म्हणाला. खांद्याचे पट्टे आवळून पाहिले. सॅक वर आली, ढुशी कमी झाली, पण आता मान वर केली की टोपणाला डोकं आपटायला लागलं. म्हणजे कातळटप्प्यावर पुढची पकड बघायची तर मान तिरकी करून. काहींना हे चालतं. माझ्याच ग्रुपमधल्या उंच लोकांना तक्रारच नाही, त्यांचे पाय लांब आहेत आणि सॅकचं बूड पायरीच्या वरच राहतं. मी मध्यम उंचीचा. त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं म्हणत नाही.

पाठीला बिलगणारी सॅक पातळ असते, बूड कमरेवरच संपतं. त्याच पायऱ्यांवर ती मागे आहे हे विसरायला होतं. आडव्या पट्ट्यावरून जाताना, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा ठिकाणी, ती अंगाबरोबर वळते. जाळीची सॅक अर्ध्या क्षणाने मागून वळते, आणि तो अर्धा क्षण पायांना कळतो.

त्याची किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. चौकट नसल्यामुळे भरणं ही कला आहे. मऊ सामान पाठीकडे, जड त्याच्या लगेच मागे, पाठीच्या जमेल तितकं जवळ. नाहीतर स्टोव्हचा कोपरा पाठीच्या मणक्यात घुसतो. मी कॅरीमॅट, म्हणजे झोपायची फोमची चटई, घडी करून पाठीच्या बाजूला आतच ठेवतो. तेवढीच चौकट, आणि बाहेर बांधलेल्या मॅटचे कारवीत निघणारे तुकडेही वाचतात. एकूण वजन दहा-बारा किलोच्या वर गेलं की मात्र खांदे तक्रार करतात आणि कंबरपट्टा नावापुरता उरतो. पाच लिटर पाणी, शिधा आणि दोर असं सगळं तुमच्याच पाठीवर येत असेल, म्हणजे ग्रुपचं नेतृत्व किंवा स्वयंपाक तुमच्याकडे असेल, तर चौकटीला पर्याय नाही. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांना दोर वाहणाऱ्याला मी हलकी सॅक सुचवणार नाही.

जाळीच्या सॅकची आणखी एक बारीकशी अडचण इथेच सांगून टाकतो. चौकट आत वाकलेली असल्याने मधला कप्पा अरुंद होतो, आणि सहा जणांच्या खिचडीचं पातेलं त्यात आडवं बसत नाही. उभं घातलं तर बाकी सामान पातेल्यात भरावं लागतं. ग्रुपमध्ये पातेलं कोणाकडे यावरून होणारी भांडणं ज्यांना माहीत आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

दुरुस्तीत दोघी सारख्याच. पट्टा तुटला तर कोपऱ्यावरचा मोची जाड दोऱ्याने शिवून देतो, कंपनीच्या शिवणीपेक्षा मजबूत. छातीवरचं बकल दोन्हीकडे सर्वात आधी तुटतं, एक जास्तीचं जवळ ठेवा. जाळी एकदा सैल झाली की मात्र ती ताणून देणारा मला अजून भेटलेला नाही. परदेशातून हलकी सॅक मागवणार असाल तर छापील किमतीवर कस्टमचं शुल्क आणि कुरिअर धरून मग ठरवा. आता इथेही बऱ्या सॅक शिवल्या जातात.

मुक्काम हिमालयात जास्त, वाटा लांब आणि एकसारख्या उताराच्या, घाम फार येतो, पाठीवर बारा किलोच्या वर, उंची बरी, तर जाळीची घ्या. सह्याद्रीत दोन-तीन रात्री, पायऱ्या, नाळा, कातळ, आणि सामान कमी ठेवायची सवय, तर पाठीला बिलगणारी. मी दोन-तीन मुक्कामांना आता दुसरीच उचलतो. पहिली घरच्यांच्या सहलीला आणि गावाला जाताना एसटीच्या डिकीत टाकायला बरी पडते.

तरीही ठरत नसेल तर ओळखीच्या कोणाकडून दोन्ही मागून घ्या. प्रत्येकीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, मधोमध एक पातेलं, तळाशी गादीची उशी असं दहा किलो भरा, आणि सोसायटीच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या एकदम घेत तीन मजले उतरा. तळमजल्यावर येईपर्यंत कुठली परत द्यायची ते कळलेलं असतं. लिफ्टवाले शेजारी बघतील, बघू द्या.