न तुटलेल्या स्पार्क प्लगसाठी १८,४०० रुपये घेतले, नागपूरकरांनो गाडीजवळून हलू नका

आधी आकडा सांगून टाकतो. १८,४०० रुपये. ८,००० अॅडव्हान्स आणि १०,४०० गॅरेजमधून गाडी परत घेताना, दोन्ही वेळा फोनवरून पाठवले आणि दोन्ही वेळा स्क्रीनवर जे नाव आलं ते गॅरेजवाल्याचं नव्हतंच. विचारलं तर म्हणे "भांजे का अकाउंट है साब". आणि मी पाठवले. लिहिताना आता पण कान तापून राहिले आहेत. दुसऱ्याच्या नावाच्या खात्यात एक रुपया टाकू नका, पुढे तक्रार करायला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो.

गाडी माझी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, ९२ हजार किलोमीटर चाललेली. मे महिन्यात मिसिंग करायला लागली, सिग्नलला थरथर, पुलावर चढताना झटके, चेक इंजिनचा लाइट. प्लग लय वर्षं बदलले नव्हते, ही माझी चूक, मान्य आहे. पण मी काही अगदीच अडाणी नाही, कॉइल (प्लगला करंट देणारा वरचा भाग) काढून प्लग बदलणं मला येते. रविवारी सकाळी मनीष नगरला घरासमोरच तीन प्लग काढले. चौथा हललाच नाही. थोडा जोर लावला तर सॉकेट घसरला, टॉर्च मारून पाहिलं तर प्लगच्या नटवाल्या भागाचा एक कोपरा झिजला होता आणि त्याच्यावर चांगला लांब चमकता ओरखडा. तिथेच थांबलो, तिन्ही प्लग परत बसवले.

थांबलो ते बरोबरच केलं, हे मी आजही म्हणतो. प्लगची बॉडी लोखंडी, तो ज्यात बसतो ते हेड (इंजिनचा वरचा भाग) अॅल्युमिनियमचं, वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात, खालच्या आट्यांवर कार्बन जमतो, त्यात कोणी आधी जास्त कसला असेल तर विचारूच नका. जबरदस्ती केली की एकतर प्लग तुटून आटे आत राहतात नाहीतर हेडचेच आटे घेऊन बाहेर येतो. हे मला माहीत होतं. आणि हे मला माहीत आहे हे मी स्वतःच्या तोंडाने त्या गॅरेजवाल्याला सांगितलं, "भाऊ जपून, तुटेल". तेवढं त्याला पुरलं.

गॅरेज वर्धा रोडच्या आतल्या गल्लीत, नाव लिहीत नाही कारण प्रकरण अजून चालू आहे. नेहमीचा मेकॅनिक गावी गेला होता आणि गुरुवारी यवतमाळला मेव्हणीचा साखरपुडा, आईबाबांना घेऊन जायचं होतं, बसने त्या उन्हात कसं नेणार होतो मी त्यांना. म्हणून सोमवारी दुपारी तिथे गेलो. बोनेट उघडताच त्याने रॅचेट लावायला घेतला. इंजिन चटके देत होतं. मी म्हटलं थंड होऊ द्या, तर म्हणे रोजचं काम आहे साब, तुम्ही समोर लिंबू सरबत प्या. थंड इंजिनवरच प्लग खोलायचा असतो, अॅल्युमिनियमचं हेड गरम असलं की आटे खराब व्हायची भीती जास्त, जो हे ऐकत नाही त्याच्याकडून चावी परत घ्या. मी घेतली नाही.

वीस मिनिटांनी पोट्टा बोलवायला आला. "साब, प्लग गया. अंदर टूट गया." आणि माझ्या हातावर तुटलेला प्लग ठेवला, वरचा अर्धा भाग, चिनी मातीवाला, खाली नट आणि तिथून मोडलेला.

आता हे वाचा नीट. तो तुकडा माझ्या हातात किमान पाच मिनिटं होता. त्याचा नट गुळगुळीत होता. सहाही कोपरे शाबूत. ओरखडा नाही. एका दिवसाआधी माझ्याच हाताने ज्याचा कोपरा घासला गेला तो प्लग हा नव्हताच, आणि मी त्याच्याकडे पाहत होतो, अंगठा फिरवत होतो, फोटो पण काढला बायकोला पाठवायला! नट माझ्या प्लगपेक्षा जाड दिसत होता, तेही डोळ्यांनी पाहिलं. पण डोक्यात एकच, की तुटला, जे व्हायला नको तेच झालं, आणि कदाचित माझ्यामुळेच अर्धा तुटलेला असेल. मनात अपराधीपणा असला की माणूस तपासत नाही, पैसे काढतो. त्यानंतर रोज रात्री तो फोटो मोठा करून पाहतो मी.

कच्च्या कागदावर त्याने लिहून दिलं: हेड उतरवणं-बसवणं ७,५००, आट्यांचं मशीनिंग आणि हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) २,८००, हेड गॅस्केट आणि सील ३,२००, इरिडियम प्लग चार गुणिले ६८० म्हणजे २,७२०, कूलंट आणि ऑइल २,१८०. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला". जुने पार्ट काम सुरू व्हायच्या आधी मागून ठेवायचे, नंतर नाही. बुधवारी संध्याकाळी गाडी मिळाली, बरी चालली, साखरपुडा झाला, मी निवांत.

पंधरा दिवसांत पुन्हा तेच झटके. या वेळी महाल भागातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी आधी कशालाच हात लावला नाही, फक्त इंजिन बघितलं आणि विचारलं, हेड कोणी उतरवलं म्हणता? या इंजिनचं हेड उतरवायचं तर टायमिंग चेनचं कव्हर काढावं लागते, परत बसवताना नवीन सिलिकॉन लागते. तिथे सगळा जुना मळ जसाच्या तसा. कूलंट पण जुनंच, गढूळ. मग तीन प्लग काढले, नवे होते पण साधे, मधला इलेक्ट्रोड चांगला जाड. इरिडियमचं टोक बारीक तारेसारखं असते, बघितलं की कळते. आणि चौथा? काकांनी टॉर्च माझ्या हातात दिला. आत प्लग होता, अख्खा. झिजलेला कोपरा, माझाच ओरखडा.

त्याला तो निघालाच नव्हता हो. जो प्लग जागचा हलला नाही तो तुटला म्हणून माझ्याकडून हेडचे पैसे घेतले.

काकांनी तो कसा काढला ते सांगतो, कारण घाई न करता निघतो हे मी पाहिलं. गाडी रात्रभर त्यांच्याकडेच ठेवली. सकाळी थंड इंजिनवर आधी कॉम्प्रेसरच्या हवेने प्लगच्या खड्ड्यातली माती उडवली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मग जाम सोडवायचं तेल टाकून दुपारपर्यंत सोडलं, परत टाकलं. संध्याकाळी सरळ एक्स्टेंशन लावून, अजिबात तिरकं न करता, एवढंसं ढिलं, अडला की परत थोडं कसायचं, परत तेल, परत ढिलं. एअर गन नाही. दीड तास लागला. निघाला तेव्हा खालच्या आट्यांवर काळा थर होता, हेडचे आटे ठीक. नवा प्लग पाना न लावता हातानेच आट्यात बसवला, गॅस्केटवाला होता म्हणून हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा. टॉर्क पाना (किती जोराने कसलं ते मोजणारा) असेल तर १२ एमएम आट्याला १५ ते २०, १४ एमएमला २५ ते ३० न्यूटन मीटर, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच. चार साधे प्लग ६४०, मजुरी ४००. एक हजार चाळीस रुपये! आणि समजा खरंच तुटला तरी आधी एक्स्ट्रॅक्टरने (अडकलेला तुकडा धरून फिरवून काढायचं हत्यार) प्रयत्न होतो, हेड उतरवणं सगळ्यात शेवटी. कॅमेरा घालून आतला तुकडा दाखव म्हणायचं. नाही म्हटला तर गाडी टो करून घरी आणा, टोचे पैसे गेले तरी चालतील.

गॅरेजवाला आता म्हणतो, तुम्ही बाहेर दुसरीकडे गाडी उघडली, आमची जबाबदारी संपली. पोलिसांकडे गेलो, दोन तास बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं हे दिवाणी मॅटर आहे. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. परिवहनवाले म्हणतात खाजगी गॅरेज आमच्याकडे येत नाही. लायसन्स कोण देतं म्हणून विचारलं तर या टेबलावरून त्या टेबलावर, तिसऱ्या टेबलावरची बाई जेवायला गेलेली, तीन वाजले तरी परत नाही. ग्राहक हेल्पलाइनला फोनवर तक्रार नोंदवली, ती "व्यावसायिकाकडून उत्तर नाही" एवढं लिहून बंद. म्हणजे फसवणाऱ्याने उत्तर दिलं नाही की तक्रार संपली? मग मी कशासाठी केली? प्रत्येक जण पक्कं बिल मागतो. अहो पक्कं बिल देणारा असता तर फसवलं असतं का त्याने. दोन अर्ध्या सुट्ट्या, पेट्रोल, झेरॉक्स, वर बाहेर बसलेला टायपिस्ट अर्ज लिहायचे १,५०० मागतो.

त्याला दिले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे तिथे गेल्यावर कोणी आपणहून सांगत नाही म्हणून इथे लिहितो. अर्ज मीच लिहिला. सोबत दोन्ही पेमेंटचे स्क्रीनशॉट, तो कच्चा कागद, काकांचं बिल आणि दोन फोटो शेजारी शेजारी, गुळगुळीत नटाचा एक आणि ओरखडेवाला एक. खरा प्लग कागदात गुंडाळून कपाटात ठेवलाय, सोमवारी अर्ज द्यायला जाताना सोबत नेतो.