एलटीस्पाइस: काही महिने वापरल्यावर, अँप्लिफायर शिकणाऱ्याच्या नजरेतून

इलेक्ट्रॉनिक सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, परवान्याची कटकट नाही आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. माइक एंगलहार्ट यांनी लिनियर टेक्नॉलॉजीत असताना लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २०१७ पासून अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे आहे. ज्यावर हे बेतलंय ते मूळ स्पाइस त्याहून जुनं, १९७० च्या दशकात बर्कलीत तयार झालेलं. दिसण्यावर जाऊन कुणी याच्या प्रेमात पडणार नाही. मला मात्र गेन (सिग्नल किती पट वाढतो) आणि फेज शिफ्ट (आउटपुटची लहर इनपुटपेक्षा किती अंश सरकते) एकदाचं डोक्यात शिरायला हवं होतं, आणि त्या कामाला हे चोख आहे.

बराचसा वेळ एकाच सर्किटवर गेला: बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा सप्लाय, बेसला ४७ के (किलोओहम) आणि १० के रेझिस्टर, कलेक्टरला ३.३ के, एमिटरला १ के. आधी नुसता ऑपरेटिंग पॉइंट, म्हणजे सिग्नल नसतानाचे व्होल्टेज आणि करंट, काढायचा. एमिटरवर साधारण १.४ व्होल्ट, म्हणजे करंट १.४ मिलिअँपिअर, आणि कलेक्टर साडेसात व्होल्टच्या आगेमागे. हे जमल्याशिवाय एसी अ‍ॅनालिसिसकडे, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला गेन आणि फेज बघण्याकडे, वळूच नये. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर बायपास कॅपॅसिटर नसेल तर गेन जेमतेम ३.३, म्हणजे १० डीबी (डेसिबल). कॅपॅसिटर लावला की पावणेदोनशेच्या घरात, ४५ डीबीच्या जवळ.

खरी गंमत त्या कॅपॅसिटरची आहे. १० मायक्रोफॅरड आणि १ के घेऊन कागदावर हिशेब केला की कटऑफ (गेन ३ डीबीने उतरतो ती फ्रीक्वेन्सी) १६ हर्ट्झ येते. आलेख मात्र ९०० हर्ट्झच्या आसपासच ३ डीबी खाली आलेला दिसतो! कारण कॅपॅसिटरला समोर १ के दिसतच नाही. दिसतो तो ट्रान्झिस्टरचा आतला रेझिस्टन्स, २५ मिलिव्होल्ट भागिले १.४ मिलिअँपिअर, म्हणजे अवघे १८ ओहम. फेजची तुटक रेघही तिथे मूळच्या १८० पासून (हा अँप्लिफायर सिग्नल उलटवतोच) ४५ अंशांच्या आसपास सरकलेली असते. सिग्नल आत-बाहेर नेणारे कपलिंग कॅपॅसिटर मुद्दाम भरपूर मोठे ठेवून आणखी खाली गेलं, की १६ हर्ट्झच्याही खाली गेन १० डीबीवर टेकतो आणि फेज परत १८० कडे वळते. गेन उतरणीला असतो तेवढ्या पट्ट्यातच फेज हलते, हे त्या दोन रेघा एकाखाली एक बघताना जसं पटतं तसं सूत्रं पाठ करून पटत नाही.

आता सावधगिरी. एसी अ‍ॅनालिसिस सर्किटचं वागणं सरळ रेषेत बसवून मोजतं, त्याला १२ व्होल्टची मर्यादा ठाऊक नसते. इनपुटला १ व्होल्ट दिला तर आउटपुट पावणेदोनशे व्होल्ट दाखवून मोकळं होतं. क्लिपिंग (लहरीची टोकं कापली जाणं) बघायचं तर ट्रान्झियंटच, म्हणजे वेळेनुसार सिग्नल दाखवणारा पर्यायच, चालवावा लागतो. दुसरं, आदर्श (आतला रेझिस्टन्स नसलेला) सोर्स जोडला की वरची कटऑफ फारच गोंडस दिसते. सोर्सच्या मागे १० के घाला. कलेक्टर-बेसमधले दोन-तीन पिकोफॅरड मिलर इफेक्टमुळे गेनच्या पटीत फुगतात आणि तीच कटऑफ मेगाहर्ट्झवरून किलोहर्ट्झमध्ये उतरते. ब्रेडबोर्डचे स्वतःचे पिकोफॅरड आपण आकृतीत दाखवले नाहीत तर सॉफ्टवेअर ते कुठून आणणार? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ट्रान्झिस्टरही मॉडेलसारखाच बीटा (तो करंट किती पट वाढवतो ते) घेऊन येत नाही, म्हणून बीटा बदलून दोन-चारदा चालवून बघणं बरं.

नवख्यांचा घात करणारी गोष्ट म्हणजे 'एम'. रेझिस्टरला १ एम लिहिलं की स्पाइस १ मिलिओहम समजतं. मेगओहमसाठी 'मेग' लिहावं लागतं.

लायब्ररीत ऑप-अँप (तयार अँप्लिफायर आयसी) भरपूर आहेत, पण स्वाभाविकच बहुतेक त्यांच्याच कंपनीचे. ७४१ सारखे आपल्याकडचे नेहमीचे हवे असतील तर मॉडेलची फाइल शोधून जोडावी लागते. पहिल्यांदा कंटाळा येतो, मग हात बसतो.

फेज शिफ्ट ऑसिलेटरही (स्वतःच लहर तयार करणारं सर्किट) करून बघा. रेझिस्टर-कॅपॅसिटरच्या (आरसी) एकसारख्या तीन जोड्या मिळून १८० अंश देतात, पण सिग्नल २९ पटीने कमी करतात, तेव्हा अँप्लिफायरचा गेन निदान तेवढा हवा. सगळं बरोबर असूनही ट्रान्झियंटमध्ये सपाट रेघ आली तर सर्किट मोडू नका. सिम्युलेटरमध्ये खऱ्या सर्किटसारखा नॉइज नसतो, त्यामुळे ऑसिलेशन सुरू व्हायला धक्काच मिळत नाही. सप्लाय शून्यापासून चढतोय असं सांगणारा स्टार्टअपचा पर्याय निवडला की बहुतेक वेळा काम होतं.