रेवदंड्याच्या वाडीवरचे तंबू: दोघींची पहिली रात्र

तंबूची जागा ठरवण्याआधी मी पाच ठिकाणी फोन केले आणि पाचही जणांना एकच विचारलं, भरतीचं पाणी तंबूपासून किती लांब थांबतं? चौघांनी "काही काळजी करू नका मॅडम, या बिनधास्त" असं सांगितलं. पाचव्याने उलट मलाच विचारलं, "कधी येताय? तारीख नको, तिथी सांगा." त्याच दिवशी आम्ही त्याला पाचशे रुपये आगाऊ पाठवले.

मी डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते. वय ५७. सोबत आलेली मैत्रीण पाचवीपासूनची. ती परिचारिका होती, गेल्या जूनमध्ये निवृत्त झाली. निवृत्तीनंतर काय करायचंय असं विचारलं तेव्हा तिने पहिली गोष्ट हीच सांगितली होती, "एक अख्खी रात्र उघड्यावर बघायची आहे, समुद्राजवळ." आयुष्यातल्या निम्म्या रात्री तिने वॉर्डात जागून काढल्या आहेत. तंबूत मात्र आम्ही दोघीही कधी झोपलो नव्हतो. म्हणून आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्या, विशेषतः आमच्या वयाच्या बायकांना उपयोगी पडेल ते सगळं लिहिते आहे.

जागेला नाव नाही. रेवदंड्याच्या किल्ल्याचा तट जिथे पुळणीला भिडतो तिथून उत्तरेकडे चालत गेलं की सुरूचं बन लागतं, त्याच्या मागे नारळ-सुपारीची वाडी. फाटकावर निळ्या रंगाने तंबूचं चित्र काढलेलं आहे, तीच पाटी. गावात "वाडीवरचे तंबू" म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. एकूण आठ तंबू. दादा, वहिनी आणि दादांची आई असं घरचंच माणूसबळ. माणशी १४०० रुपये. त्यात दुपारचा चहा, संध्याकाळचं खाणं, रात्री पोपटी (मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा) आणि सकाळचा नाश्ता.

जाताना गेटवेहून मांडव्याची बोट धरली. तासाभराचा प्रवास, त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंतची बस, आणि अलिबाग स्टँडवरून रेवदंड्याची एसटी. पाठीवर ओझं घेऊन जायला हाच मार्ग सोपा, फक्त पावसाळ्यात बोट बंद असते.

साडेतीनला पोचलो. चहा झाल्यावर दादांनी तंबू दाखवण्याआधी आम्हाला थेट पाण्याकडे नेलं. म्हणाले, "आज दशमी. दहाची पाऊणपट करा ताई. साडेसात. म्हणजे संध्याकाळी साडेसाताच्या सुमाराला पूर्ण भरती, मध्यरात्रीनंतर दीड-पावणेदोनला पूर्ण ओहोटी." हा हिशोब या किनाऱ्यावर सगळ्यांच्या तोंडी असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. मग त्यांनी वाळूतल्या दोन रेघा दाखवल्या. खालची ओल्या शेवाळाची आणि काटक्यांची, कालच्या भरतीची. वरची बरीच जुनी, सुकलेल्या सुरूच्या बोंडांची, गेल्या अमावास्येच्या उधाणाची. दशमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी फार चढत नाही. पण पुनवेच्या आगेमागे ते वरच्या रेघेपर्यंत येतं, तेव्हा पुढचे दोन तंबू ते कुणालाही देत नाहीत, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. फोनवर तिथी का विचारली ते इथे कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, दक्षिणेकडे कुंडलिका खाडीचं मुख आहे, तिकडे पाण्याला ओढ असते, अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालायचा नाही. आमच्यानंतर आलेल्या कॉलेजच्या मुलांनाही त्यांनी तेच सांगितलं आणि सहा वाजता स्वतः जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं. मुलं कुरकुरली. मला फार बरं वाटलं.

तंबू तिघांचा, दोन थरांचा. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत, वाऱ्याने उपटतात. यांची युक्ती बघण्यासारखी आहे. नारळाच्या सोडणाला मधोमध काथ्याचा दोर बांधायचा, कोपरभर खड्डा करून ते आडवं पुरायचं, वर वाळू लोटून पायाने दाबायची आणि दोराचं वरचं टोक तंबूला बांधायचं. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, हललं नाही. वाडीतलंच सोडण, वाडीतलाच काथ्या, आणि पाहुणे गेले की सगळं काढून बंबात जाळायला. किनाऱ्यावर काही उरत नाही.

आता जेवण. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण तीस वर्षं रोज दोनशे माणसांचं जेवण करते आणि कुणाच्या स्वयंपाकघरात आधी मोरी बघते. वहिनींची मोरी कोरडी होती. फडकी वाळत घातलेली होती, पिण्याचं पाणी झाकलेलं होतं. विहिरीचं पाणी किंचित मचूळ लागतं म्हणून प्यायला बाहेरून आणतात, तेही त्यांनी न विचारता सांगितलं.

पोपटी मी ऐकून होते, होताना पाहिली नव्हती. संध्याकाळी आजी भांबुर्डीचा पाला घेऊन बसल्या. हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, चुरगळला की ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. मडक्याच्या तळाशी पाला दाबून बसवायचा, वर वालाच्या शेंगा, त्यावर जाडं मीठ आणि ओवा, मग बटाटे, रताळी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी परत पाल्याचा गच्च बोळा. पाणी एक थेंब नाही, तेलही नाही. शेंगा स्वतःच्या ओलाव्यावरच शिजतात. माझी मैत्रीण शाकाहारी आहे हे मी फोनवर एकदाच बोलले होते. तिच्यासाठी आजींनी वेगळं लहान मडकं भरलं, आमच्या मडक्यात अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी पानात गुंडाळून. दोन्ही मडकी उपडी ठेवून भोवती पेंढा, काटक्या, नारळाच्या झावळ्या रचल्या आणि पेटवल्या. अर्धा तास जाळ. आजींनी घड्याळ पाहिलं नाही. बोटं पाण्यात बुडवून मडक्यावर शिंतोडा उडवला, चर्र झालं, म्हणाल्या, "अजून पाच मिन्टं." दुसऱ्यांदा शिंतोडा उडवला आणि आवाज ऐकूनच म्हणाल्या, "काढ रे."

शेंगा केळीच्या पानावर ओतल्या तेव्हा धुराचा, पाल्याचा आणि ओव्याचा वास एकदम आला. शेंग दातांनी ओढायची, दाणे आपसूक जिभेवर. दाणे अजून बारीक होते, आणि ते वहिनींनी आधीच सांगितलं होतं, "वाल कोवळा आहे ताई, महिन्याभराने भरलेला मिळेल." मला कोवळाही आवडला. बटाट्याला आतपर्यंत धुरकट चव होती, मी माझ्या केंद्रात कितीही मसाला घातला तरी येणार नाही अशी. कोंबडी मात्र एका बाजूने थोडी कोरडी झाली होती. सोबत तांदळाची भाकरी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. मैत्रिणीने तिचं मडकं जवळजवळ एकटीने संपवलं. तिला इतकं निवांत जेवताना मी फार वर्षांनी पाहिलं; वॉर्डातली सवय म्हणून ती नेहमी घाईघाईत, अर्धी उभी राहून जेवते.

तक्रारी आहेत. उत्तरेकडच्या दुसऱ्या एका जागी ध्वनिक्षेपक लावला होता आणि गाणी अकरापर्यंत वाजत होती. दादा दोनदा जाऊन विनंती करून आले, पण लाटांचा आवाज ऐकायला आलेल्या माणसांची संध्याकाळ त्यात गेली. मंगळवारी ही गत, तर शनिवार-रविवारी काय होत असेल! आठ तंबूंना संडास दोनच, मी मोजली तर तंबूपासून साठ पावलं. वाटेवर दिवा आहे, आत बादली-मग स्वच्छ, पण एका दाराची कडी नीट लागत नव्हती. हे मी वहिनींना सांगितलं आणि इथेही सांगते, बायका रात्री एकट्या जातात तिथे कडी धड असलीच पाहिजे. गाद्या पातळ आहेत. वाळू दिवसा तापते तशी रात्री झपाट्याने गार होते आणि तो गारवा खालून पाठीत शिरतो. घरून एक जाड सतरंजी न्या, अंगावरच्या पांघरुणापेक्षा तिची गरज जास्त. संध्याकाळी बारीक चिलटं चावतात, हातापायांना मलम लावा.

आणखी एक. रात्री साडेबाराच्या सुमाराला आमच्या तंबूची चेन वाळू अडकून बसली, आम्ही आत. मैत्रीण म्हणाली, "अगं, ओढू नकोस, दात तुटतील." पिशवीत मेणबत्ती होती. चेनीवरची वाळू फडक्याने झटकून दोन्ही बाजूंनी मेण घासलं, सरसर उघडली. मेणबत्तीचा एक तुकडा बरोबर ठेवाच. आणि वरच्या जाळीच्या खिडक्या थंडी वाजते म्हणून बंद करू नका. आम्ही केल्या, तर आमच्याच श्वासाची वाफ आतून कापडावर धरली आणि पहाटे थेंब टपकायला लागले. उघड्या ठेवल्या असत्या तर दव बाहेरच्या थरावरच राहिलं असतं.

तीनच्या आसपास मैत्रिणीने मला हलवलं. "चल बाहेर." संध्याकाळपासून डोक्यावर असलेला चांदोबा मावळला होता आणि दशमीच्या उजेडात न दिसलेलं सगळं आभाळ उघडं पडलं होतं. मृग पश्चिमेकडे कलला होता, त्याच्या डावीकडे व्याध, आणि रोहिणीजवळ गुरू इतका ठळक की ओल्या वाळूवर त्याची रेघ पडली होती. पाणी मागे गेलेलं. भांगाची ओहोटी असूनही लाट लांबून फक्त कुजबुजल्यासारखी ऐकू येत होती. वाराही फिरला होता. संध्याकाळी समुद्राकडून अंगावर येणारा खारा वारा थांबून आता वाडीकडून, मागून, सुपारीच्या बागेचा ओलसर वास घेऊन मतलई वारा येत होता. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात हे दोन्ही शब्द पाठ केले होते आम्ही, एकाच बाकावर बसून.

वाडीचा कुत्रा आमच्या पायाशी येऊन बसला. मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रात्री तीनला मी जागी आहे आणि मला कुणाचं सलाईन बघायचं नाहीये." मी तिचा हात धरला. साडेपाचपर्यंत आम्ही तिथेच सतरंजी टाकून बसलो होतो. माझीही रोज चारला उठून कणीक भिजवायची वेळ, त्या दिवशी ती समोरून निघून गेली.

उजाडल्यावर पुळणभर खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी घातलेली दिसली. किल्ल्याच्या तटापर्यंत चालत गेलो. पोर्तुगिजांनी बांधलेल्या या किल्ल्यात सातखणी म्हणतात तो मनोरा आहे, आता त्याचे चारच मजले उरले आहेत. वेळ असेल तर साळावच्या पुलावरून पलीकडे कोर्लईलाही जा. तिथल्या गावात अजूनही पोर्तुगीज मिसळलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात. आम्हाला बारापर्यंत निघायचं होतं म्हणून राहिलं.

परत आलो तर नाश्त्याला घावणे, नारळाचा रस आणि चटणी. घावणे पातळ, जाळी पडलेले, मी चार खाल्ले. बुधवारी एकादशी होती. मैत्रीण उपास करते हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, पण आजींनी रात्री तिला तोंडातल्या तोंडात "उद्या एकादशी" म्हणताना ऐकलं असावं. तिच्यापुढे वेगळ्या पातेल्यात उकडलेली रताळी, खोवलेलं खोबरं आणि गूळ आला. बिलात त्याचे पैसे नव्हते. विचारलं तर आजी म्हणाल्या, "घरातल्या बाईचा उपास, त्याचं काय लिहायचं?"

पाचपैकी मी साडेचार देते. अर्धा कडीसाठी आणि गाद्यांसाठी कापला, आणि तो वहिनींना सांगून कापला.

पुढची तारीख आम्ही तिथेच ठरवली. पौष वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि रात्री नऊला ओहोटी. संकष्टीचा चंद्र त्याच सुमाराला वाडीच्या बाजूने, नारळांवरून वर येईल, तोवर काळोख आणि चांदण्या. मैत्रिणीची संकष्टीही असते, ती चंद्र बघूनच जेवणार, तेव्हा आजींनी मडकं नऊला पेटवायचं कबूल केलं आहे. तोवर वालही भरलेला असेल. फक्त त्या दिवशी शुक्रवार येतो, म्हणून दादांना सांगून ठेवलंय की तंबू दक्षिणेच्या टोकाचा द्या.