ईपर्ब, पीएलबी की एआयएस बीकन? शिडाच्या बोटीसाठी आधी काय घ्यायचं

ईपर्ब, पीएलबी आणि एआयएस बीकन ही तिन्ही संकटात मदतीसाठी सिग्नल पाठवणारी यंत्रं. सेफ्टीचं सामान घ्यायला गेलात की दुकानदार कॅटलॉग पुढे करतो, त्यात सगळंच नारिंगी-पिवळं, सगळ्यालाच अँटेना आणि सगळंच म्हणे जीव वाचवणारं. म्हणून आधी एवढंच ठरवा की तुम्हाला पाण्यातून काढायला येणार कोण, तुमचीच बोट वळून येणार की बाहेरचं कुणी. निम्मी खरेदी ह्यावरच ठरते. मी इथे धरून चाललोय की बोट तीस-पस्तीस फुटी, चौघांचा क्रू, ऑक्टोबर ते मे मुंबई-मांडवा आणि वर्षातून एखादी गोवा ट्रिप, म्हणजे साधारण सव्वादोनशे सागरी मैल.

ईपर्ब असतो बोटीसाठी. ४०६ मेगाहर्ट्झवर सिग्नल उपग्रहाला जातो, तिथून बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात आणि तिथून कोस्ट गार्डकडे. बॅटरी किमान ४८ तास चालायलाच हवी असा नियम आहे आणि पाण्यात तो आपोआप उभा तरंगतो, धरून बसावं लागत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला एवढा मार की उठता येईना, त्यांनी ईपर्ब चालू केला आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' ह्या फ्रेंच जहाजाच्या लोकांनी त्यांना बोटीतूनच उचललं. बोट तरंगतेय, माणूस आत आहे, मदत लांबून येणार आहे, अशा वेळी ईपर्बला तोड नाही.

पण माणूस पडला आणि बोट पुढे गेली तर? ईपर्ब बोटीवरच राहिला की. सहा नॉटने चाललेली बोट मिनिटाला जवळजवळ १८५ मीटर जाते, शीड उतरवून वळेपर्यंत पाण्यातलं डोकं लाटांमध्ये दिसेनासं होतं, आणि कोस्ट गार्ड कितीही चपळ असलं तरी देवगडसमोर तुमच्यापर्यंत यायला वेळ लागणारच. इथे एआयएस बीकन लागतो, एआयएस म्हणजे जहाजं रेडिओवरून एकमेकांना आपली जागा कळवतात ती यंत्रणा. लाइफजॅकेटच्या आत बसवायचा, जॅकेट फुगलं की हा आपोआप चालू, जीपीएस मिळाला की तुमच्या प्लॉटरवर, म्हणजे बोटीवरच्या नकाशाच्या स्क्रीनवर, पडलेल्या माणसाची जागा दिसायला लागते. २०१४ मध्ये उत्तर पॅसिफिकमध्ये क्लिपर रेसच्या बोटीवरचा एक खलाशी पडला, दीड तासाच्या वर पाण्यात होता, तो सापडण्यात ह्याच बीकनचा मोठा हात होता. रेंज मात्र जेमतेम चार-पाच मैल, कारण पाण्यालगतची अँटेना आणि साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जाणाऱ्या व्हीएचएफ रेडिओलहरी. आणि बोटीवर एआयएस रिसीव्हर नसेल तर हा बीकन घेऊन काही उपयोग नाही. जुने प्लॉटर ह्या बीकनचा ९७२ ने सुरू होणारा ओळख नंबर ओळखतच नाहीत, नुसता एक ठिपका दाखवतात, अलार्म वाजत नाही, मग डेकवर एकटा असलेलाच पडला आणि बाकीचे खाली झोपलेले अशी वेळ असेल तर त्या ठिपक्याकडे बघणार कोण? टेस्ट मोडवर बघून घ्या.

पीएलबी ह्या दोघांच्या मधला. ईपर्बसारखाच उपग्रहाला बोलतो पण माणसाच्या नावावर, खिशात मावतो, किमान २४ तास चालतो. अडचण अशी की बहुतेक मॉडेल हाताने चालू करावी लागतात, अँटेना उलगडून आकाशाकडे धरून ठेवावी लागते, आणि बेशुद्ध माणूस हे करणार नाही. एकटे जाणार असाल तर मात्र पीएलबीच, कारण एआयएसचा सिग्नल बघायला बोटीवर कुणी उरलेलंच नाही. आता दोन्ही एकात असलेली मॉडेल येतात, महाग आहेत, पण एकट्याने जाणाऱ्याने तीच बघावीत.

चौघांच्या क्रूसाठी माझं मत सरळ आहे: मांडव्यापर्यंतच जाताय तर आधी प्रत्येक जॅकेटमध्ये एआयएस बीकन, गोव्याला निघायच्या आधी एक ईपर्ब, आणि पीएलबी पैसे उरले तर. ईपर्बसाठी पाण्याच्या दाबाने आपोआप सुटणारं ब्रॅकेट घ्यायचा मोह होतो, पण शिडाच्या बोटीत तो सुटून दोरांच्या जंजाळात अडकू शकतो, मला तो जिन्याशेजारी हाताला येईल असा साध्या ब्रॅकेटमध्ये जास्त पटतो.

ह्या सगळ्याऐवजी परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर आणतो म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, भारतात सॅटेलाइट फोन आणि असले मेसेंजर परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, विमानतळावर लोकांना पकडलंय, गोव्यातसुद्धा. तेव्हा तो पर्याय यादीतून काढाच.

लाइफजॅकेटमध्ये दुकानात सगळे १५० की २७५ न्यूटन (तरंगवण्याची ताकद) ह्यावर अडकतात. कोकण किनाऱ्याला, हलक्या कपड्यात, १५० पुरे. खरा फरक ट्रिगरचा, म्हणजे जॅकेट आपोआप फुगवणाऱ्या कळीचा. एकात गोळी असते, ओली झाली की विरघळते आणि गॅसच्या सिलिंडरला भोक पडून जॅकेट फुगतं; दुसरा हायड्रोस्टॅटिक, साधारण १० सेंटीमीटर पाण्याखाली गेल्यावरच सुटतो. गोळीवालं स्वस्त, पुन्हा भरायचं किटही सहज मिळतं, पण आपल्याकडची दमट हवा, लॉकरमध्ये ओलं कोंबलेलं जॅकेट आणि पुढच्या डेकवर अंगावर येणारं पाणी, ह्यात ते भलत्या वेळी फुगतं, आणि दोनदा असं झालं की क्रू जॅकेट घालायचंच टाळतो. मी हायड्रोस्टॅटिक घेईन, किट इथे कोण देतं हे आधी विचारून. मांड्यांमधून जाणारा पट्टा मात्र दोन्हीत हवाच, नाहीतर फुगलेलं जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात.

फ्लेअरचं, म्हणजे मदतीसाठी दाखवायच्या प्रखर उजेडाचं बोलायचं तर एलईडी फ्लेअर तासन् तास चालतो, एक्सपायरीची कटकट नाही, आग लागायची भीती नाही. तरीही मी त्यावर एकट्यावर विसंबणार नाही. एलईडी लावून मासेमारीवर २०१७ मध्येच बंदी आली, पण सिंधुदुर्गच्या मच्छीमारांच्या तक्रारी अजून येतातच. रात्री समुद्रात असे दिवे पेटलेले असताना तुमचा लुकलुकणारा दिवा कुणाच्या लक्षात येणार? पॅराशूट रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद लाल जळतं, ते बघून तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला) काय ते बरोबर कळतं. दोन पॅराशूट, चार हातातले, आणि एलईडी हवा तर जोडीला.

लाइफराफ्ट, म्हणजे बोट सोडायची वेळ आली तर फुगवायचा तराफा, गोवा ट्रिपपुरता भाड्याने मिळाला तर उत्तम. विकत घेताय तर सर्व्हिसिंग कुठे होणार ते आधी बघा. आणि तो फुगवायची घाई नको: १९७९ च्या फास्टनेट रेसमध्ये खलाशांनी सोडून दिलेल्या २४ बोटींपैकी फक्त ५ बुडाल्या, बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या.

सेकंडहँड बोटीबरोबर ईपर्ब फुकट मिळतोय म्हणून खूश होऊ नका. बॅटरीची तारीख बघा, आणि त्यात कोणत्या देशाचा कोड आहे ते विचारा, भारताचा ४१९. परदेशी कोड असेल तर तो बदलून घ्यावा लागेल. कोड भारताचा असेल पण नोंदणी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली असेल तर चौकशीचा पहिला फोन त्याला जाणार आणि तो म्हणणार, बोट तर मी विकली. नोंदणी बदलल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि बॅटरी-कोडिंगचा खर्च बोटीच्या किमतीतून वळता करून घ्या.