लान्झ बुलडॉगचा गिअर: जुना शोधायचा की नवा कापून घ्यायचा?

जर्मनीतल्या मानहाइमच्या लान्झ कारखान्याने 1921 मध्ये आणलेल्या बुलडॉग ट्रॅक्टरला सिलिंडर एकच. पुढच्या मोठ्या मॉडेलांत तर तो एकटाच दहा लिटरचा. प्रत्येक ठोक्याचा हिसका गिअरच्या दातांपर्यंत पोचतो. सरकत्या गिअरांचे दात आधी कडेला खचतात: कोपरे गोल होतात, कपच्या उडतात, मग ओझं आलं की गिअर सुटतो.

भंगारातल्या बुलडॉगचा गिअर मिळाला तर माप मूळचं, काम लवकर. पण त्याचे दात दुसऱ्याच जोडीदाराशी घासून बसलेले असतात. घ्यायचा तर जोडीनेच घ्या.

नवा कापणं महाग. दातांची संख्या कुणीही मोजेल. झिजलेल्या नमुन्यावरून मॉड्यूल (दात किती मोठा, हे सांगणारं माप) आणि दाताचा मूळ आकार काढणं, हे खरं कसब! वर केस हार्डनिंग हवंच: पृष्ठभाग कडक, गाभा चिवट. त्या उष्णतेत गिअर किंचित वाकतो, म्हणून शेवटी ग्राइंडिंग.

प्रदर्शनापुरता चालवायचा असेल तर जुनी जोडी पुरे. नांगराला जुंपायचा असेल तर मी नवाच कापून घेईन. वेल्डिंगने दात भरायच्या फंदात मात्र पडू नका. आचेने शेजारच्या दातांचाही कडकपणा जातो.